लाव, ठेव, टेकव: वायरलेस चार्जिंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ‘वायरलेस चार्जिंगला मराठी शब्द काय? बिनतारी प्रभारण फार बोजड वाटतं. शिवाय ज्या चकतीवर फोन ठेवायचा तिलाच वायर असते, मग बिनतारी कसलं?’

शंकेचा दुसरा भाग चोख आहे. चकतीची वायर सॉकेटपर्यंत जातेच. वायर वाचते ती चकती आणि फोन यांच्यातल्या शेवटच्या काही मिलिमीटरांपुरती. चकतीत तारेचं एक वेटोळं, फोनच्या पाठीत दुसरं. पहिल्यातला प्रवाह सतत उलटसुलट होतो आणि त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसऱ्यात वीज निर्माण होते. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

आता ‘बिनतारी’. हा शब्द संदेशवहनातून आला. तिथली तार म्हणजे जिच्यावरून मजकूर जायचा ती, आणि जी आली म्हटल्यावर काळजात धस्स व्हायचं तीही. बोलताना आपण फरक करतो: खांबावरच्या त्या तारा, घरातली ती वायर. म्हणून चार्जरच्या संदर्भात ‘बिनतारी’ जरा परकं वाटतं. मी हा शब्द मोठ्या स्वप्नासाठी राखून ठेवीन. संशोधक निकोला टेस्लानं १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला घेतला, तो संदेशांबरोबर वीजही दूरवर पाठवायच्या इराद्यानं. बँकर जे. पी. मॉर्गन यांनी पुढचा पैसा दिला नाही, आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दोन मीटरवरून ६० वॉटचा दिवा पेटवला. पोचली सुमारे ४० टक्के वीज. याला ‘बिनतारी वीज’ शोभतं. (तसं पाहिलं तर आभाळातली वीज आधीपासूनच बिनतारी आहे, पण तिच्यावर फोन कोण चार्ज करणार!)

‘प्रभारण’ मलाही नको. पण त्याच्या पोटातलं ‘भारणे’ पाहा. मंत्रानं पाणी भारतात, भाषणानं सभा भारून जाते. मध्ये काही दिसत नाही आणि वस्तूत काहीतरी उतरतं. अर्थानं इतका नेमका शब्द शोधूनही सापडला नसता, पण ‘फोन भारायला ठेवलाय’ म्हटलं तर ऐकणारा लिंबू-मिरची शोधेल.

खरं उत्तर मला नामात नाही, क्रियापदात दिसतं. वायरवाला फोन आपण चार्जिंगला ‘लावतो’. चकतीवरचा ‘ठेवतो’. कुणी शिकवलं नाही, तरी ‘चकतीवर लाव’ असं तोंडात येत नाही. लावणं म्हणजे जोडणं. लागलं की लागलं. ठेवणं सैल असतं, आणि या सोयीच्या बहुतेक तक्रारी त्या सैलपणातच आहेत. माझंच सांगतो. रात्री फोन चकतीवर ठेवला, दिवा लागलेला पाहिला आणि झोपलो. रात्रभर संदेश येत राहिले, फोन थरथरत बोटभर सरकला. सकाळी १२ टक्के! वायर असती तर ती ताणली गेली असती, निघाली नसती. चुंबकानं फोन जागच्या जागी धरणारी ‘ची-२’ ही प्रणाली २०२३ मध्ये आली, ती याच दुखण्यावर. (इंग्रजीत Qi लिहितात, पण ‘क्यूआय’ असं सुटं वाचू नये, शब्द चिनी आहे, उच्चार ‘ची’, अर्थ प्राणशक्ती.) तिथे मात्र फोन ‘चिकटवला’ म्हणावं लागतं.

बाकीचे तोटेही आहेत. वायरीपेक्षा जास्त वीज वाया जाते, तिची उष्णता होते, आणि लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. मध्ये नाणं राहिलं तर तेही तापतं. चांगल्या चकत्या ते ओळखून थांबतात. फोन उचलून बोलायला लागलात की चार्जिंग बंद.

मग हवी कशाला ही वीज? जिथे भोक ठेवणंच नको, तिथे. विजेवरचा दात घासायचा ब्रश पाण्यात भिजतो, त्याला पिन नसलेली बरी. ऐकू न येणाऱ्यांसाठी बसवतात त्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या आतल्या भागाला कातडीबाहेरच्या वेटोळ्यातूनच वीज मिळते. तिथे वायर म्हणजे कायमची जखम. आणि पैसे भरायचं ‘टॅप’वालं कार्ड? त्यात बॅटरी नसते. यंत्राजवळ नेलं की क्षणभरापुरती वीज ते यंत्राकडूनच घेतं. त्याला आपण ना लावतो, ना ठेवतो; ‘टेकवतो’.

तेव्हा माझं मत: पाटीवर ‘वायरलेस चार्जिंग’ राहू द्या, लेखात ‘बिनवायरचं चार्जिंग’ लिहा, आणि बोलताना ‘फोन चकतीवर ठेव’ एवढं पुरे. जमिनीतल्या वेटोळ्यावर गाडी आणून चार्ज करायची सोयही आहे. तिथे ‘ठेव’ चालणार नाही. गाडी ‘उभी करतात’.