डीएनएची प्रत निघते की डीएनए दुणावतो?

एका वाचकाने विचारलं आहे : "पेशीविभाजनाआधी डीएनएचं जे होतं त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? कुठे 'प्रत काढणे' वाचलं, कुठे 'प्रतिकृती', कुठे 'द्विगुणन', तर कुठे चक्क 'प्रतिलेखन'. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि 'पेशीचं विभाजन होताना डीएनए स्वतःची प्रत काढतो' हे वाक्य बरोबर आहे का?"

आधी थोडक्यात उत्तर. हे शब्द एका अर्थाचे नाहीत. 'प्रतिलेखन' हे वेगळ्याच क्रियेचं नाव आहे, ते इथे अजिबात वापरू नये. संज्ञा म्हणून 'प्रतिकृतीकरण' किंवा 'द्विगुणन' यांपैकी कोणतीही चालेल. सलग लिहिताना मात्र मी 'दुणावणे' हे साधं क्रियापद पसंत करतो. विचारलेलं वाक्य मी असं लिहीन : "पेशीचं विभाजन सुरू होण्याआधी तिच्यातला सगळा डीएनए एकदा दुणावतो." मूळ वाक्यातले तीन शब्द मी बदलले आहेत, 'प्रत', 'स्वतःची' आणि 'होताना'. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'प्रत'. प्रत काढायची म्हटली की एक मूळ वस्तू हवी आणि तिच्यावरून उतरवलेली दुसरी. जुन्या कागदपत्रांत यासाठी 'अस्सल' आणि 'नक्कल' अशी जोडीच होती. नक्कल बिनचूक असेल तर ती 'अस्सल बरहुकूम'. नकला कितीही निघोत, अस्सल कागद एकच, आणि तो जिथल्या तिथे शाबूत. 'प्रतिकृती' या शब्दातही हीच कल्पना थोडी सौम्य होऊन येते.

डीएनएला ही कल्पना लागू पडत नाही. त्याचा रेणू दुपेडी असतो. (पुस्तकांत 'शृंखला' किंवा 'धागा' हे शब्द सापडतात. दोरीला, वेणीला आपण ज्या अर्थाने पेड म्हणतो तोच अर्थ इथे असल्यामुळे मला 'पेड' जास्त नेमका वाटतो. शिवाय पेडांबरोबर 'पीळ' हा शब्दही आपोआप हाताशी येतो, आणि डीएनएबद्दल बोलताना पिळावाचून चालत नाही.) दोन्ही पेडांवर चार प्रकारची रासायनिक अक्षरं ओळीने असतात : ए, टी, जी, सी. एका पेडावर ए असेल तर समोर टी, आणि जी असेल तर समोर सी. डीएनए दुणावताना पीळ उलगडतो, दोन पेड विलग होतात आणि प्रत्येक जुन्या पेडासमोर नवा पेड जुळवला जातो. शेवटी दोन रेणू होतात आणि दोन्हींत एक पेड जुना, एक नवा. यातला अस्सल कोणता? दोन्ही किंवा एकही नाही. मूळ रेणू मूळ रूपात उरलेलाच नसतो.

अक्षरं मांडून पाहिली की आणखी एक गोष्ट दिसते. एका पेडाचा तुकडा घ्या : ए-टी-जी-सी-सी-ए. त्याच्या समोरचा जोडीदार : टी-ए-सी-जी-जी-टी. दोघे विलग झाले. आता पहिल्या पेडासमोर नवा पेड तयार होतो तो टी-ए-सी-जी-जी-टी असा. म्हणजे नवा पेड ज्याच्या आधाराने घडला त्याच्यासारखा तो नाहीच, तो त्याचा पूरक आहे. तो हुबेहूब जुळतो तो सोडून गेलेल्या जोडीदाराशी, आणि तो जोडीदार तर समोरही नसतो. 'प्रत काढली' म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे अक्षराखाली तेच अक्षर उतरवण्याचं चित्र उभं राहतं, आणि इथे एकही अक्षर तसं उतरत नाही. म्हणून जुन्या पेडाला 'मूळ प्रत' न म्हणता 'साचा' म्हणणं योग्य. साच्याचा आकार उलटा असतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.

जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी 1953 साली डीएनएची रचना मांडली, तेव्हाच या जोड्यांमधून डीएनए दुणावण्याची रीत सूचित होते असं त्यांनी नोंदवलं होतं. पण एक जुना, एक नवा अशी वाटणी खरोखर होते का, याचा पुरावा मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी 1958 मध्ये दिला. त्यांनी जिवाणू कित्येक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए जड झाला. मग त्यांना नेहमीच्या, हलक्या नायट्रोजनवर आणलं. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात तो डीएनए अतिशय वेगाने फिरवला की वजनाप्रमाणे त्याचे पट्टे वेगळे होतात. जुना रेणू शाबूत राहून त्याची नक्कल निघत असती, तर एका पिढीनंतर एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे दिसले असते. दिसला एकच, मधल्या वजनाचा. दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे दिसले, निम्मा डीएनए मधल्या वजनाचा आणि निम्मा हलका. 'अस्सल-नक्कल' ही कल्पना त्या एका पट्ट्याने निकालात निघाली. या रीतीला पुस्तकांत 'अर्धसंरक्षी' म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण चुकीचा नाही : निम्मं राखून ठेवलेलं. असा एकच रेणू दहा वेळा दुणावला तर 1024 रेणू होतात, आणि सुरुवातीचे दोन पेड त्यांतल्या फक्त दोन रेणूंमध्ये, एकेक करून, अजून असतात.

आता 'स्वतःची'. 'डीएनए स्वतःची प्रत काढतो' हे इतक्यांदा लिहिलं जातं की ते खटकेनासं झालं आहे. खटकायला हवं, कारण नुसता डीएनए ठेवला तर तो तसाच पडून राहील. काम एन्झाइमं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, करतात. हेलिकेज पेड विलग करतो. त्यामुळे पुढचा पीळ अधिकच आवळतो, तो टोपोआयसोमरेज सैल करतो. डीएनए पॉलिमरेज अक्षरं जोडतो. आर्थर कॉर्नबर्ग यांनी हा पॉलिमरेज जिवाणूंमधून वेगळा काढून परीक्षानळीत डीएनए जुळवून दाखवला, त्यांना 1959 साली नोबेल मिळालं. त्या नळीत डीएनए साचा म्हणून होता, जोडणारा वेगळा होता. 'डीएनए दुणावतो' या वाक्यात डीएनए कर्ता असला तरी करणारा म्हणून येत नाही. 'उत्साह दुणावला' म्हणताना उत्साहाने काही केलं असं आपण समजत नाही, तसंच.

या पॉलिमरेजच्या दोन अडचणी आहेत. कोऱ्या जागेपासून त्याला सुरुवात करता येत नाही, म्हणून प्रायमेज हे एन्झाइम आधी आरएनएचा (डीएनएच्या जवळच्या नात्यातल्या रेणूचा) छोटा तुकडा बसवून देतो. आणि पॉलिमरेज अक्षर जोडतो ते पेडाच्या एकाच टोकाला. डीएनएचे दोन पेड एकमेकांच्या उलट दिशेने असल्यामुळे एका बाजूचं काम सलग चालतं, दुसऱ्या बाजूचं मागे येऊन येऊन, तुकड्यातुकड्यांनी. हे तुकडे त्सुनेको आणि रेइजी ओकाझाकी या जपानी दांपत्याने 1960च्या दशकात शोधून काढले, आणि मराठीत त्यांना 'ओकाझाकी तुकडे' म्हणणंच सरळ आहे. जिवाणूंत ते साधारण एक ते दोन हजार अक्षरांचे असतात, आपल्या पेशींत शंभर-दोनशे अक्षरांचे. शेवटी लायगेज ते सांधतो.

'प्रतिलेखन' हा शब्द शालेय पुस्तकांपासून डीएनएवरून आरएनए तयार होण्यासाठी रूढ आहे, आणि तिथे तो चपखल बसतो. त्यात सगळा डीएनए नव्हे, एखाद्या जनुकाएवढा भाग वाचला जातो. साचा एकच पेड असतो, आरएनएत टीच्या जागी यू हे अक्षर येतं, वाचून झालं की डीएनए पुन्हा मिटतो, आणि एकाच जनुकावरून हे पुनःपुन्हा होतं. इथे मूळ खरंच शाबूत राहतं आणि उतारे कितीही निघतात. 'प्रत' शब्दाचा हट्टच असेल तर त्याची जागा ही. उलट, दुणावणं हे सगळ्या डीएनएचं आणि एका चक्रात एकदाच. दुणावणं जिथून सुरू होतं त्या प्रत्येक आरंभस्थानाला कामाची परवानगी एकदाच मिळते आणि काम सुरू होताच ती संपते, नाहीतर काही भाग दोनदा आणि काही एकदाच दुणावला असता.

'विभाजन होताना' हेही बदलायला हवं. माणसाच्या पेशीत हे काम विभाजनाआधी, वेगळ्या टप्प्यात, साधारण आठ तासांत पार पडतं. सुमारे 600 कोटी अक्षरजोड्या, आणि वेग सेकंदाला पन्नास अक्षरांच्या आसपास. हजारो ठिकाणी एकाच वेळी सुरुवात होते म्हणूनच ते जमतं. त्यानंतर पुन्हा मधला काळ जातो आणि मग विभाजन. जिवाणूंबद्दल लिहिताना मात्र 'आधी' हा शब्दही जपून वापरावा. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूला सगळा डीएनए दुणावायला सुमारे 40 मिनिटं लागतात, पण पोषण भरपूर असेल तर तो 20 मिनिटांत विभागतो. एक फेरी संपायच्या आधीच पुढची सुरू झालेली असते.

यालाच जोडून : 'गुणसूत्रं दुप्पट होतात' असं लिहू नये. डीएनए दुप्पट होतो, माणसाच्या पेशीतली गुणसूत्रं मात्र 46च राहतात. प्रत्येक गुणसूत्रात आता दोन अर्धगुणसूत्रं असतात, ती गुणसूत्रबिंदूपाशी घट्ट जोडलेली असतात, आणि मोजणी गुणसूत्रबिंदूंची होते. विभाजनात ती सुटी झाली की मगच प्रत्येकाला गुणसूत्र म्हणायचं.

प्रश्नात नव्हतं, पण 'चूक' आणि 'उत्परिवर्तन' यांचीही अशीच सरमिसळ होते. पॉलिमरेज साधारण लाखात एक अक्षर चुकीचं बसवतो. बरीच अक्षरं तो लगेच मागे येऊन काढतो, राहिलेल्यांतली बहुतेक नंतरची दुरुस्ती निस्तरते, आणि अखेर शंभर कोटी ते हजार कोटी अक्षरांमागे एखादीच उरते. या दुरुस्तीपुढे मोठा पेच असतो. समोरासमोर ए आणि सी आले, तर बरोबर कोण? ई. कोलायमध्ये जुन्या पेडावर मिथाइल गटांच्या खुणा असतात आणि नव्यावर त्या उमटायला थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळात नवा पेड ओळखून तोच दुरुस्त केला जातो. दुरुस्तीच्या यंत्रणेवरील कामासाठी पॉल मॉड्रिच यांना 2015च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. अस्सल आणि नवं असा भेद डीएनएत कुठे असेलच तर तो इथे, दोन रेणूंमध्ये नव्हे तर एकाच रेणूच्या दोन पेडांमध्ये, आणि तोही थोडा वेळ.

चुकीची जोडी जोवर दुरुस्त होऊ शकते तोवर तिला 'चूक' किंवा 'विजोड' म्हणावं. ती तशीच राहून डीएनए पुन्हा दुणावला, की चुकलेल्या अक्षरासमोर त्याचा योग्य जोडीदार बसतो, विजोडपणा नाहीसा होतो, आणि दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमांना खटकण्यासारखं काही उरत नाही. 'उत्परिवर्तन' हा शब्द तिथून पुढे वापरायचा.