युद्धबंदी झाली की युद्धबंदी सुटले?

अंधेरीच्या एक वाचक ताई बातम्यांचा अनुवाद करतात. त्यांचा प्रश्न असा: ‘इंग्रजी बातमीत सीजफायर आलं की आमच्याकडे एक जण युद्धबंदी लिहितो, दुसरा शस्त्रसंधी, तिसरा युद्धविराम. आर्मिस्टिस आलं तरी हेच तीन शब्द आलटून पालटून. हे सगळं एकच का? आणि शाळेच्या इतिहासात पानोपानी भेटणारा तह बातम्यांतून कुठे गेला?’

ताई, एकच नाही. फोर्टातल्या एका कोर्टात मी बरीच वर्षं दुभाष्याचं काम केलं, त्यामुळे असा शब्द आला की मी आधी विचारतो, खाली सही कोणाची? शब्द निवडण्यापूर्वी तुम्हीही तेवढं बघा, निम्मा घोळ तिथेच मिटेल.

आधी युद्धबंदी, कारण सगळ्यात जास्त पाय तिथे अडकतात. मराठीत ‘बंदी’ दोन आहेत. दारूबंदी, संचारबंदी, नाकाबंदी, नोटाबंदी यांतली बंदी फारसी घराण्यातली आणि स्त्रीलिंगी. दुसरा बंदी संस्कृतातला, पुल्लिंगी, म्हणजे कोंडलेला माणूस. बंदिवान आणि बंदिशाळा त्याच्याच गोतावळ्यातले. हिंदीत युद्धबंदी म्हटलं की फक्त हा दुसरा, पकडलेला सैनिक. लढाई थांबली तर हिंदीवाले युद्धविराम किंवा संघर्षविराम म्हणतात. मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. वाक्यात क्रियापद असलं तर लिंग वाचवतं: युद्धबंदी झाली, युद्धबंदी सुटला. विभक्ती लागली तरी वेगळेपण दिसतं: ‘युद्धबंदीनंतर’ वेगळं, ‘युद्धबंद्यांना’ वेगळं. पण मथळ्यात ना क्रियापद असतं ना विभक्ती. ‘युद्धबंदी: चर्चा निष्फळ’ असं छापलं की वाचकाने काय समजायचं? हिंदीवरून घाईघाईने उतरवलेल्या मजकुरात तर हमखास चूक होते. म्हणून माणसासाठी सरळ ‘युद्धकैदी’ लिहा. रोखठोक आणि रुळलेला शब्द आहे.

गंमत अशी की कायद्याने या दोन युद्धबंदींची गाठ घालून दिली आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातलं ११८ वं कलम म्हणतं की प्रत्यक्ष लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवायचं. तह होईपर्यंत थांबा, असं तिथे म्हटलेलं नाही. कागदावर हे सोपं. कोरियात १९५१ च्या जुलैत बोलणी सुरू झाली आणि पुढे अडली ती मुख्यतः कैद्यांवरच, कारण ज्यांना परत जायचंच नव्हतं त्यांना जबरदस्तीने पाठवायचं का, यावर एकमत होईना. तोडगा निघाला तेव्हा ते कैदी एका तटस्थ आयोगाकडे सोपवले गेले. त्या आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. १९७१ नंतर आपल्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी होते. शरणागती भारत-बांगलादेशाच्या संयुक्त फौजांपुढे झाली, तेव्हा ढाक्याला वगळून त्यांचा निर्णय नाही, हे भारताचं म्हणणं. ऑगस्ट १९७३ मध्ये दिल्लीत करार झाला आणि शेवटची तुकडी एप्रिल १९७४ मध्ये परत गेली. पहिली युद्धबंदी डिसेंबरातल्या एका संध्याकाळी झाली, दुसरे युद्धबंदी सुटायला सव्वादोन वर्षं लागली.

शस्त्रसंधीबद्दल फार लिहीत नाही. संस्कृतात संधी म्हणजे जोड, आणि राजनीतीत तह. कौटिल्याच्या सहा गुणांत, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा मार्गांत, पहिला मान संधीचा. आजच्या मराठीत मात्र संधी म्हणजे नोकरीची संधी, सुवर्णसंधी. ‘शस्त्रांना संधी’ असा उलटा अर्थ काढून शाळकरी पोरं हसतात, हसू देत. वर्तमानपत्रांनी सीजफायरसाठी शस्त्रसंधी पक्का केला आहे आणि तो बरा आहे, कारण तो शस्त्रांपुरतंच बोलतो. १० मे २०२५ ला संध्याकाळी पाच वाजल्यापासून भारत-पाकिस्तानने गोळीबार थांबवला, तेव्हा दिल्लीच्या निवेदनात भाषा ‘अंडरस्टँडिंग’ची होती, लष्करी मोहिमांच्या दोन प्रमुखांच्या फोनवर ठरलेली. तिथे काटेकोर शब्द ‘सहमती’. मराठी मथळ्यांत सर्रास शस्त्रसंधीच होती. चूक म्हणणार नाही, पण आतल्या मजकुरात तरी सहमती हवी होती.

युद्धविराम मला आवडत नाही, आणि त्याला कारण व्याकरणाचं आहे. आपल्याकडे विराम कितीतरी: स्वल्प, अर्ध, पूर्ण. यातला कुठला, ते हा शब्द सांगतच नाही.

आता आर्मिस्टिस, म्हणजे लढाई थांबवण्याचा दोन्ही बाजूंचा लष्करी करार. यासाठी मराठीत उत्तम शब्द आहे, ‘तहकुबी’. जुन्या लिखाणात ‘युद्धतहकुबी’ भेटते. आता तो शब्द कोर्टात आणि विधानसभेत तेवढा उरला. कामकाज तहकूब, सुनावणी तहकूब. मुंबईतले वकील बोलताना ‘मॅटर अ‍ॅडजर्न झालं’ म्हणतात, पक्षकार ‘तारीख पडली’ म्हणतो, आणि रोजनाम्यात तहकूब येतं. तहकूब झाल्यावर दावा निकाली निघाला असं कोणी म्हणत नाही. फार तर ‘जैसे थे’चा आदेश असतो आणि दोघंही आपापली फाइल काखोटीला मारून घरी जातात. युद्धाविषयीच्या १९०७ च्या हेग नियमांचं ३६ वं कलम नेमकं हेच सांगतं: आर्मिस्टिसने लष्करी कारवाया परस्परसंमतीने तहकूब होतात, मुदत ठरलेली नसेल, तर ठरलेली पूर्वसूचना देऊन कोणीही पुन्हा लढाई सुरू करू शकतो. युद्ध संपलं, असं ते कलम म्हणत नाही. पहिल्या महायुद्धाची तहकुबी ११ नोव्हेंबर १९१८ ची, व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. आपण ११ नोव्हेंबरला ‘युद्ध संपलं’ म्हणून मोकळे होतो, पण कायद्याच्या लेखी मधले साडेसात महिने तारीख पडलेली होती. कोरियात २७ जुलै १९५३ ला पडलेली तारीख अजून चालूच आहे. तिथे शांतता करार झालाच नाही आणि त्या तहकुबीवर दक्षिण कोरियाची सहीदेखील नाही.

तह आणि तहकूब, कानाला सख्खे भाऊ वाटतात. कायद्यात मात्र तहकुबीवर सेनापतीची सही चालते आणि तहाला राज्याची, म्हणजे देशाची, लागते. इथे तुमच्या अंधेरीकडे येऊ. अंधेरी पूर्वी साष्टी बेटात मोडायची. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेला तह केला आणि त्यात साष्टी व वसई लिहून घेतली. पण १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टप्रमाणे कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला विचारल्याशिवाय मुंबईला युद्ध किंवा तह करण्याची मुभा नव्हती, अगदी गळ्याशी आल्याखेरीज. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य केला आणि आपला माणूस पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरला पुण्याच्या कारभाऱ्यांशी वेगळा तह केला. हा पुरंदरचा दुसरा तह. पहिला १६६५ चा, महाराज आणि मिर्झाराजांचा. मुंबईकरांनी हा दुसरा तह मनापासून पाळला नाही, पुन्हा फौज निघाली, आणि जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी ती वडगावला कोंडली. होय, लोणावळा-पुणे लोकलमध्ये लागतं तेच वडगाव. तिथे फौजेबरोबरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी साष्टीसह मिळवलेला मुलूख परत द्यायचं लिहून दिलं. सुटका झाल्यावर कंपनीचं उत्तर काय? त्या अधिकाऱ्यांना असं लिहून देण्याचा अधिकारच नव्हता! शेवटी मे १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

‘युद्धात जिंकले, तहात हरले’ ही म्हण आपण क्रिकेटपासून जागावाटपापर्यंत कुठेही वापरतो, आणि ती वापरताना वाटाघाटीत कच्चा असलेला माणूस डोळ्यांपुढे आणतो. वडगावला मराठे वाटाघाटीत कच्चे नव्हते. समोरच्याच्या अधिकारपत्रात खोट होती. आजच्या कायद्यातही हा मुद्दा जसाच्या तसा आहे: तहांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारानुसार राज्याच्या वतीने सही करणाऱ्याकडे तसा अधिकार नसेल, तर राज्याने मागाहून दुजोरा दिल्याशिवाय ती सही पोकळ. जुन्या मराठीत तहाची बोलणी करणाऱ्याला वकील म्हणत. पेशव्यांचा वकील दुसऱ्याच्या दरबारात असे. तो काळा कोट घालून कोर्टात आला तो नंतर. त्याने बोलणी पक्की केली तरी शिक्कामोर्तब धन्याचं. मोर्तब म्हणजे पत्राच्या शेवटची मुद्रा, शिवरायांची ‘मर्यादेयं विराजते’ अशी होती: मजकुराची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी ओळ घुसवायची नाही. सालबाईवर सह्या मे १७८२ मध्ये झाल्या, पण दोन्हीकडच्या मंजुऱ्या एकमेकांच्या हाती पडायला १७८३ उजाडलं. हल्लीच्या सरकारी मराठीत याला ‘अनुसमर्थन’ म्हणतात. शिक्कामोर्तब हयात असताना हा शब्द कोणी आणि का घडवला असेल, देव जाणे.

मग तह गेला कुठे? माझ्या मते त्याला कायद्यानेच घालवला. आपल्या कानात तह म्हणजे एक जिंकलेला, एक हरलेला. तह लादतात, तहात किल्ले जातात. १९४५ च्या युनोच्या सनदेने दुसऱ्या देशावर बळ वापरणं आणि तशी धमकी देणंच निषिद्ध केलं, आणि व्हिएन्ना कराराच्या ५२ व्या कलमाने सनद मोडून बळजबरीने करून घेतलेला तह रद्दबातल ठरवला. आमच्या इतिहासाच्या पुस्तकातले निम्मे तह या कलमाखाली टिकले नसते. त्यामुळे आजचे मुत्सद्दी ‘करार’ म्हणतात, ‘जाहीरनामा’ म्हणतात, हार-जीत दिसणार नाही असं काहीही म्हणतात. भारत-पाकिस्तानच्या १९६६ च्या ताश्कंदच्या कागदाचं नाव जाहीरनामा होतं; करार तो आपण केला. शिमल्याचा मात्र खरोखर करार, २ जुलै १९७२ चा. त्यात नियंत्रण रेषा दोघांनी पाळायची, पण ‘कोणाच्याही मान्य भूमिकेला बाध न येता’. कोर्टातल्या ‘विदाउट प्रेज्युडिस’चाच हा मोठा भाऊ.

आणि बघा, एका शब्दाने काय होतं. जम्मू-काश्मीरमधली आधीची रेषा कराची करारातली, २७ जुलै १९४९ ची. मराठी वर्तमानपत्रं तिला युद्धबंदी रेषा म्हणत. शिमल्यानंतर नाव झालं नियंत्रण रेषा. भारताचं म्हणणं असं की जुनी रेषाच उरली नाही, तर तिच्यावर देखरेख करणाऱ्या युनोच्या निरीक्षकांचं काम संपलं. पाकिस्तानला आणि युनोला ते मान्य नाही, म्हणून निरीक्षक अजून आहेत. तेव्हा आजच्या बातमीत ‘युद्धबंदी रेषा’ लिहाल तर नकळत एका पक्षाचं वकीलपत्र घ्याल.

देशांतर्गत सशस्त्र गटांशी समेट होतो तेव्हा तर तह अजिबात लिहू नका. तह दोन राज्यांत होतो. सरकारने बंडखोरांशी तह केला म्हटलं की बंडखोरांना राज्याचा दर्जा दिल्यासारखं होतं. ३० जून १९८६ चा म्हणून मिझो करार. जिनिव्हा करारांच्या तिसऱ्या कलमाने अशा गटांशी विशेष करार करायला मुभा ठेवली आहे, आणि त्याने कोणाचा कायदेशीर दर्जा बदलत नाही हेही तिथेच लिहिलं आहे. ही शेवटची ओळ नसती तर किती सरकारं बोलायला बसली असती, मला शंका आहे.

ताईंनी जाता जाता ‘मांडवली’बद्दलही विचारलंय, बहुधा गमतीने. आपसात मिटवून टाकण्याचा मुंबईचा अस्सल शब्द. पण मांडवलीला कागद नसतो, अधिकारपत्र नसतं, आणि ती मोडली तर दाद मागायला जागा नसते. शिवाय मांडवलीत झालं गेलं विसरायचं असतं. कायद्यात तसं सगळं विसरता येत नाही: सिएरा लिओनमध्ये १९९९ च्या लोमे कराराने बंडखोरांना सरसकट माफी दिली, तरी २००४ मध्ये तिथल्या विशेष न्यायालयाने सांगितलं की युद्धगुन्ह्यांच्या खटल्याला ही माफी आडवी येत नाही. अशा माफीसाठी आपला जुना शब्द ‘अभय’. तो अलीकडे मुंबईत पाणीपट्टीच्या थकबाकीच्या आणि मुद्रांक शुल्काच्या अभय योजनांवर राबला; हवा तर तिथून परत मागून घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, नुसतं ‘सीजफायर’ देवनागरीत लिहिलं तर चालेल का? कोणाच्या तोंडचं वाक्य असेल तर चालेल. बातमीदाराचं स्वतःचं वाक्य असेल तर शस्त्रसंधी लिहा, आणि कागदावर ‘आर्मिस्टिस’ असेल तर बिनदिक्कत युद्धतहकुबी. वरिष्ठांनी लाल शाई मारली तर त्यांना तारीख कधीची पडलीय, एवढं विचारा.