पीआर कार्डाची मुदत भारतात संपली तर?

प्रश्न : मी कॅनडाची कायम रहिवासी आहे. आईच्या आजारपणासाठी साताऱ्यात असतानाच माझ्या पीआर (म्हणजे कायम रहिवासी) कार्डाची मुदत संपली. परत कसे जावे?

उत्तर : कार्डाची मुदत संपल्याने आपला दर्जा संपत नाही, मात्र वैध कार्डाशिवाय विमान कंपनी आपल्याला विमानात बसू देणार नाही, आणि नवे कार्ड कॅनडाबाहेरच्या पत्त्यावर पाठवले जात नाही. म्हणून येथूनच कायम रहिवाशाच्या प्रवास-दस्तऐवजासाठी अर्ज करावा. दर्जा टिकण्याची खरी कसोटी 5 वर्षांत कॅनडातील 730 दिवसांच्या वास्तव्याची असते, त्यामुळे एजंटाला पैसे मोजण्यापूर्वी (अनेकजण नेमके उलट करतात) पासपोर्टवरील शिक्क्यांवरून हिशेब मांडावा. कॅनडाचे नागरिक असलेल्या पतीसोबत परदेशात राहिलेले दिवसही त्यात धरले जातात. कार्डाचे नूतनीकरण तेथे पोहोचल्यावर करावे.