बांगडीतल्या पिना

"प्रश्न तसा फालतू आहे मॅडम. तुमचा वेळ घ्यावा की नाही, तेच कळत नव्हतं."

कामावर काय घालायचं, हा विषय माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नेहमी असाच अंग चोरून येतो. आधी झोप येत नाही म्हणून सांगतात, पित्त होतं म्हणतात, सोमवार नकोसा वाटतो म्हणतात. खरं कारण तिसऱ्या भेटीत बाहेर पडतं. हिंजवडीत नोकरीला लागलेला परभणीकडचा एक मुलगा सगळे टी-शर्टमध्ये आणि आपण एकटेच इस्त्रीच्या शर्टात, या विचाराने जेवायला कॅन्टीनमध्ये जाईनासा झाला होता. बाळंतपणानंतर जुने कुडते अंगाला होईनात म्हणून बँकेतल्या एका अधिकारी बाईंनी रजा वाढवली होती. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर कार्यालयात नको, शुक्रवारी खादी घाला, अशा सूचना काढल्या, तेव्हा एका लिपिकाने मला विचारलं होतं, "मॅडम, इतकी वर्षं लोक माझ्या पायांकडे बघत होते का हो?"

या सगळ्यांना फालतू वाटणारा प्रश्न मला कधीच फालतू वाटला नाही. कपडे ही रोज सकाळी घ्यायची परीक्षा झाली, की माणूस दारातून बाहेर पडण्याआधीच थकतो. म्हणून एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. शाळेत त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही तेच म्हणेन.

बाई सेहेचाळीस वर्षांच्या. अनुदानित माध्यमिक शाळेत एकवीस वर्षं नोकरी. घरापासून शाळा चौदा किलोमीटर, जाणं-येणं स्कूटरवर. 2024 च्या जुलैत आल्या तेव्हा डावं मनगट क्रेप बँडेजमध्ये होतं. पावसात गाडी लावताना निऱ्या स्टँडमध्ये अडकल्या आणि गाडीसकट पडल्या होत्या. त्या वयातली अंगाची काहिली सुरू झालेली, घामाने परकराच्या नाडीखाली कमरेला काळा वळ उठलेला, त्यावर रोज मलम. पंजाबी ड्रेस घातला तर निम्मा त्रास संपेल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. कपाटात तीन नवे ड्रेस शिवून पडले होते.

आणि परवानगी? ती तर होती. मार्च 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासन निर्णय काढला. त्यावर वर्तमानपत्रांतून बरीच टीका झाली, ती इथे उगाळत नाही. पण त्यात शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुरुषांना फिकट शर्ट, गडद पँट आणि शर्ट इन केलेला. जीन्स, टी-शर्ट, गडद रंगाचे किंवा नक्षी-प्रिंटचे कपडे नकोत.

"मग अडतंय कुठे?" मी विचारलं.

"आमच्या शाळेत साडीच नेसतात. मोठ्या बाईंना चालणार नाही."

"मोठ्या बाई तसं म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला हवं? कळतं ना."

"तुम्ही विचारलंत?"

बाईंनी मान हलवली. विचारलं नव्हतं.

इथे थोडं थांबते, कारण दहातले आठ जण याच जागी अडकलेले असतात. मी ज्या विचारधारेत वाढले ती विवेकनिष्ठ मानसोपचाराची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती 1955 च्या सुमारास मांडली आणि मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिचा गाभा साधा आहे: प्रसंग आपल्याला जेवढा त्रास देतो, त्याहून जास्त त्रास त्या प्रसंगाबद्दलची आपली ठाम समजूत देते. "मोठ्या बाईंना आवडणार नाही" इथवर ठीक. "त्यांना आवडलं नाही तर मी संपले" ही समजूत. कपड्यांच्या बाबतीत ती ओळखायला मी लोकांना कागद पुढे करून विचारते: यातला नियम कोणता, रीत कोणती आणि तुमची भीती कोणती? नियम लेखी असतो, तो मागून वाचता येतो. रीत कुणीच लिहिलेली नसते, ती कुणीतरी पाळून आणि कुणालातरी हसून चालू राहते. भीती तर फक्त आपल्यालाच दिसते. बहुतेकांच्या कागदावर नियमाचा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. बाईंच्याही राहिला.

दोन भेटी अशा गेल्या. कोण काय बोलेल याची यादी त्यांनी केली, नऊ नावं झाली. मोठ्या बाई, स्टाफरूममधल्या चौघीजणी, शिपाईमामा, दोन पालक, आणि सासूबाई. डोकं माझं म्हणणं मान्य करत होतं, पाऊल मात्र उचलत नव्हतं. समजूत नुसती चुकीची असेल तर दाखवल्यावर सैल पडते. पडत नसेल, तर तिला खाली कसलातरी आधार आहे असं मी धरते, आणि वाद घालणं थांबवून तो आधार शोधायला लागते.

चौथ्या भेटीत तो सापडला.

बाईंच्या उजव्या हातात काचेच्या बांगड्यांबरोबर एक सोन्याची बांगडी होती आणि तिच्यात सेफ्टी पिना अडकवलेल्या. आपल्याकडे कितीतरी बायका ठेवतात तशा. त्या दिवशी सहा होत्या. बोलताना त्या एक पिन उघडत, मिटत, पुन्हा उघडत.

मी सहज विचारलं, "एकवीस वर्षांत तुमच्या शाळेत ड्रेस घालून कुणी आलंच नाही?"

पिन उघडी राहिली.

"आली होती. एक शिक्षणसेविका. बारा वर्षं झाली असतील."

"मग?"

"दोन आठवडे आली तशी. नंतर साडीच नेसायला लागली."

"मोठ्या बाईंनी सांगितलं?"

"तेव्हा या नव्हत्या. तेव्हाचे सर काही बोलले नाहीत."

"मग कुणी?"

बाहेर रिक्षावाले भांडत होते, तेवढाच आवाज. बाईंनी पिन मिटायचा प्रयत्न केला, ती बोटात रुतली. रक्ताचा ठिपका आला, तो त्यांनी पदराने टिपला.

"मी," त्या म्हणाल्या. "स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, ही शाळा आहे, कॉलेजचं गॅदरिंग नव्हे. सगळ्या हसल्या. तीपण हसली."

मी काही बोलले नाही. पाण्याचा ग्लासही पुढे सरकवला नाही. "अहो, तेव्हा काळच तसा होता" हे वाक्य ओठांवर आलेलं गिळायला मला या कामात खूप वर्षं लागली आहेत. असं सांत्वन घाईने केलं, की माणूस आताच उघडलेलं दार पुन्हा लोटून घेतो. आम्ही चार-पाच मिनिटं तशाच बसलो. मग बाई आपणहून म्हणाल्या, "मी ज्यांना घाबरते ना मॅडम, त्या चौघींच्या तोंडून मला माझंच वाक्य ऐकू येतं."

मला आजवर जे धूसर दिसत होतं ते त्या वाक्याने लख्ख झालं. लोकांच्या नजरेची भीती आपण लोकांकडून मोजून घेत नाही. आपण दुसऱ्याला ज्या मापाने मोजलं, तेच माप घेऊन ती आपल्यापुढे उभी राहते. बाईंना मोठ्या बाई अडवत नव्हत्या. बारा वर्षांपूर्वीच्या बाई अडवत होत्या. त्यानंतर कपड्यांची भीती घेऊन कुणीही आलं, की "लोक काय म्हणतील?" याच्या पाठोपाठ मी विचारते, "तुम्ही कुणाला काय म्हणाला होतात?" परभणीच्या मुलालाही विचारलं. कॉलेजात ठिगळाची बॅग आणणाऱ्या मित्राला त्याने ठेवलेलं नाव त्याला दहा सेकंदांत आठवलं.

हा प्रश्न दोष देण्यासाठी नाही, हे मी आवर्जून सांगते. स्वतःच्या नजरेला कान पकडून उभं करायचं नसतं, तिला थोडं मऊ करायचं असतं. इतरांकडे बघण्यातला ताठरपणा जसजसा उतरतो, तसतसं आरशासमोर उभं राहणंही सोपं होत जातं.

पुढचं पाऊल बाईंनीच ठरवलं. त्या शिक्षणसेविकेला, आता दुसऱ्या तालुक्यात पर्मनंट असलेल्या शिक्षिकेला, त्यांनी फोन केला. माफी मागितली. पलीकडून आधी हसू आलं, मग ती म्हणाली, "मला आठवतंय बाई. माझ्याकडे दोनच साड्या होत्या तेव्हा, त्याही आईच्या. तुमच्या बोलण्यानंतर ओळखीच्या दुकानातून हप्त्याने चार घेतल्या." शिक्षणसेवक म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन. त्यातून साड्यांचे हप्ते. हे सांगताना बाई पहिल्यांदा रडल्या.

कपड्यांच्या काळजीत पैसा किती दडलेला असतो, हे आपण विसरतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सरळ विचारते, अडचण धाडसाची आहे की कपड्यांच्या जोडांची? जोडांची असेल तर त्यावर धीराचे बोल उपयोगाचे नाहीत. पाच दिवसांना पुरतील असे दोन पँट, तीन-चार शर्ट, किंवा एकमेकांवर जुळणारे तीन कुडते आणि दोन सलवारी, असा हिशेब बसून करावा लागतो. तेच कपडे पुन्हा घालण्याची लाज वाटते, तिच्यासाठी मी एक प्रयोग सांगते. 2000 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या निम्म्या लोकांनी आपल्या टी-शर्टवरचं चित्र पाहिलं असणार, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं होतं. बुधवारचा शर्ट तुम्ही सोमवारीही घातला होता, हेही तुम्ही समजता त्याहून बऱ्याच कमी लोकांच्या लक्षात येत असणार.

बाईंनी मोठ्या बाईंना शासन निर्णयाची प्रत दाखवली आणि मनगट दाखवलं. मोठ्या बाईंनी चष्मा लावून कागद वाचला. म्हणाल्या, "15 ऑगस्टला आणि पालकसभेला साडी नेसा, बाकी तुमचं तुम्ही बघा." एकवीस वर्षांची भीती आणि तीन मिनिटांचं बोलणं. दरवेळी इतकं सोपं होत नाही. वरिष्ठ नाही म्हणतात, तेव्हा कारण विचारा, शांतपणे आणि शक्यतो लेखी. कारण पटलं नाही तरी नोकरीसाठी एखादी गोष्ट पाळणं म्हणजे पराभव नव्हे. ती आपण निवडून पाळतो आहोत एवढं भान असलं, की घुसमट पुष्कळ कमी होते.

एक गोष्ट मात्र मी समुपदेशनात कधी मिसळू देत नाही. कपड्यांच्या निमित्ताने कुणी तुमच्या शरीरावर लैंगिक शेरे मारत असेल, तर तो तुमच्या समजुतीचा प्रश्न नाही आणि तुम्ही स्वतःवर काम करायची गरज नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. अशा वेळी मी मुलींना आधी तारीखवार टिपणं काढायला बसवते, मनाचं नंतर बघतो.

ड्रेस घालून गेल्या त्या सोमवारी बाईंनी यादी पर्समध्ये ठेवली होती. नऊपैकी दोघी बोलल्या. एकीने विचारलं, "कुठे शिवला?" दुसरी म्हणाली, "मजा आहे बाई तुमची." हे लागलं, असं बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. लागणारच. पण दुपारपर्यंत उतरलं. सातवी ब मधल्या एका मुलाने विचारलं, "बाई, आज तुमचा वाढदिवस?" सासूबाईंनी काहीच विचारलं नाही. शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा त्यांच्या बांगडीत एकच पिन होती, ओढणीपुरती.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. शाळेत नवा शिक्षणसेवक लागलाय, पहिल्याच दिवशी गडद निळा, फुलाफुलांचा शर्ट घालून आला. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. "माझ्याही जिभेवर आलंच होतं," बाई म्हणाल्या. "मग मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात घेऊन गेले. विचारलं, बाळा, तुझ्याकडे शर्ट किती आहेत?"

"काय म्हणाला?"

"दोन. माझ्या मुलाचे तीन फिकट शर्ट पडून आहेत, माप त्याचंच आहे. उद्या नेते, पण पिशवीत घालून. कुणाला दिसायला नकोत."