पंचेचाळीस फुटी पोलसाठी मुदत ठेव मोडावी का?

पिंपरी-चिंचवडमधील एक वाचक गेली सहा वर्षे काचा व खिडक्या साफ करण्याचा व्यवसाय करतात. हाताखाली दोन मदतनीस आहेत आणि काम शिडी, वायपर व बादलीवर चालते. महिन्याला सरासरी ९५,००० रुपये जमा होतात, त्यातून पगार, पेट्रोल व साहित्य वजा जाता ३८,००० रुपये घरी येतात आणि घरखर्च ३०,००० रुपये आहे. बँकेत १,८०,००० रुपयांची मुदत ठेव आहे, व्यवसायाच्या खात्यात ६०,००० रुपये शिल्लक आहेत. शुद्ध पाण्यावर चालणारा, सरकवून लांब होणारा पोल त्यांना घ्यायचा आहे. विक्रेत्याने दोन संच सुचवले आहेत : ४५ फुटी पूर्ण कार्बन फायबरचा संच, आरओ व रेझिन (पाण्यातले क्षार शोषून घेणारे दाणे) यांच्या जलशुद्धी यंत्रासह २,००,००० रुपयांना, आणि ३० फुटी हायब्रिड, म्हणजे कार्बन व ग्लास फायबर यांच्या मिश्रणाचा संच, फक्त रेझिनच्या टाकीसह ८०,००० रुपयांना. हिंजवडीतील एका पाच मजली कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी दर दोन महिन्यांनी २४,००० रुपयांचे काम देण्याचे तोंडी कबूल केल्यामुळे त्यांचा कल मोठ्या पोलकडे आहे. त्यासाठी ठेव मोडावी आणि उरलेली रक्कम विक्रेत्याच्या हप्त्यांवर द्यावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपण हिशेब मोकळेपणाने आणि नीट मांडून पाठवलात, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : ठेव मोडू नये, ४५ फुटी संच आत्ता घेऊ नये, आणि ३० फुटी संच मात्र पावसाळा सरताच, ऑक्टोबरच्या आरंभी घ्यावा. कारणे सविस्तर लिहितो, कारण त्यांतले पहिले कारण पैशाचे नसून फुटांचे आहे.

पोलची लांबी आणि पोलची पोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम करताना पोल उभा सरळ नसतो. माणूस भिंतीपासून काही पावले मागे उभा राहतो आणि पोल जमिनीशी साधारण सत्तर अंशांचा कोन करून कलतो. त्या कोनात ४५ फुटांची उभी उंची ४२ फुटांच्या आसपास भरते, आणि पोलचे खालचे टोक जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर हातात असते असे धरले, तर ब्रश ४५ फुटांपर्यंत पोचतो. आता हिंजवडीची इमारत पाहू. निवासी इमारतीत एक मजला सुमारे दहा फुटांचा असतो, पण कार्यालयाच्या इमारतीत तो बारा फूट किंवा त्याहून अधिक असतो. तळमजला अधिक चार असे पाच मजले असतील, तर वरच्या मजल्याची फरशीच जोते धरून पन्नास फुटांवर येते आणि त्याच्या काचेची वरची कड साठ फुटांच्या घरात जाते. म्हणजे ज्या कामासाठी आपण दोन लाखांचा पोल घेऊ पाहता, त्या कामातला सगळ्यात वरचा मजला पूर्णपणे आणि त्याखालच्या मजल्याच्या काचेची वरची पट्टी त्या पोलच्या पोचेबाहेर राहते. विक्रेत्याने ‘पाच मजल्यांपर्यंत’ असे सांगितले असेल, तर त्याच्या मनात कदाचित दुसऱ्या एखाद्या देशातील बुटकी घरे असावीत. इमारत खालून दोरी किंवा लेझर मीटरने मोजल्याशिवाय या संचासाठी एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

याच हिशेबाने ३० फुटी पोल ३१ फुटांपर्यंत पोचतो. दोन फुटांचे जोते, वर दोन मजल्यांचे वीस फूट आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीची लिंटेलपर्यंतची, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईपर्यंतची, सात फूट उंची मिळून २९ फूट होतात. म्हणजे तळमजला अधिक दोन मजल्यांचे बंगले, रो-हाऊस, दवाखाने आणि शोरूम यांत तो बसतो. मात्र जिथे खाली स्टिल्ट पार्किंग आहे तिथे आठ-दहा फूट आणखी वाढतात, आणि ‘तीन मजली’ म्हणून घेतलेले काम हातातून निसटते. आपल्या बावीस नियमित ग्राहकांच्या यादीपुढे इमारतीची उंची लिहून काढा, आणि तिच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा : ग्रिल आहे की नाही. ब्रश ग्रिलच्या आत जात नाही, आणि आपल्याकडे बंगल्यांनाही बाहेरून ग्रिल असते. सरकत्या खिडक्यांचे जुने ट्रॅक पाणी आत सोडतात, त्यामुळे पडदे भिजल्याची तक्रार पहिल्याच आठवड्यात येऊ शकते. ग्रिल असलेले ग्राहक शिडीवरच राहतील, हे गृहीत धरूनच पुढचा हिशेब करावा.

आता किमतीकडे वळू. आपण पाठवलेल्या दोन्ही कोटेशनांत खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी १८ टक्के वेगळा’ असे लिहिले आहे. आपली वार्षिक जमा ११ लाख ४० हजारांच्या आसपास आहे, म्हणजे सेवांसाठीच्या २० लाखांच्या नोंदणी मर्यादेच्या खाली. आपण नोंदणीकृत नाही, म्हणून हा कर परत मिळण्याची वाट नाही. तो किमतीतच धरावा लागेल. त्यामुळे मोठा संच २,३६,००० रुपयांना आणि छोटा ९४,४०० रुपयांना पडतो. आपण अनुमानित पद्धतीने, म्हणजे जमेचा ठरावीक टक्का नफा धरून, आयकर भरता. त्या पद्धतीत घसारा, म्हणजे वापराने यंत्राची घटणारी किंमत, त्या ठरावीक टक्केवारीत आधीच धरलेला असतो, म्हणून ‘मशीन घेतले की कर वाचतो’ हे विक्रेत्याचे वाक्य आपल्याला लागू नाही.

छोट्या संचातून काय मिळेल ते पाहू. दिवस अपुरे पडतात म्हणून महिन्याला पाच-सहा कामे नाकारावी लागतात आणि एका कामाचे सरासरी २,८०० रुपये मिळतात, असे आपण लिहिता. प्रात्यक्षिकात बंगल्याचे काम निम्म्या वेळात झाले, हे मी मान्य करतो, पण प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या सराईत माणसाने केले होते. म्हणून महिन्याला चारच जादा कामे धरतो. त्यांचे ११,२०० रुपये होतात. त्यातून प्रवास, रेझिन आणि मदतनिसांचा जादा वेळ यांचे ३,७०० रुपये वजा केले, तर ७,५०० रुपये उरतात. जून ते सप्टेंबर बाहेरच्या काचांचे काम मंदावते, म्हणून त्या चार महिन्यांत निम्मे धरू. वर्षाचे ७५,००० रुपये होतात आणि संच सुमारे पंधरा महिन्यांत फिटतो. आपल्या आकाराच्या व्यवसायासाठी हा काळ मला योग्य वाटतो.

मोठ्या संचासाठी यावर १,४१,६०० रुपये अधिक मोजावे लागतील. हिंजवडीचे काम त्याने पूर्ण होत नाही हे वर आलेच, म्हणजे त्या जादा रकमेच्या बदल्यात खात्रीने उरतात ते आपले तळमजला अधिक तीन मजल्यांचे तीन ग्राहक. तिथे आपण दर तीन महिन्यांनी दोरीवर काम करणारा माणूस बोलावता आणि त्याला प्रत्येक खेपेला २,५०० रुपये देता. वर्षाला ३०,००० रुपये वाचतील. या वेगाने जादा रक्कम वसूल व्हायला पावणेपाच वर्षे लागतील, आणि रोज उघडमीट होणारा पोल त्याचे भाग घट्ट धरणारे क्लॅम्प न बदलता तितकी वर्षे चालेल, असे मला वाटत नाही.

खरा चालू खर्च पोलचा नसून पाण्याचा आहे, आणि आपल्या पत्रात त्याचा एका ओळीतही उल्लेख नाही. या पद्धतीत काच पुसली जात नाही; ब्रशने घासून शुद्ध पाण्याने धुतलेली काच तशीच वाळू दिली जाते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार राहिले तर वाळल्यावर पांढरे डाग दिसतात, म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्याजवळ आणावा लागतो. नुसत्या रेझिनच्या टाकीत सगळा भार रेझिनवरच येतो आणि पाण्याचा टीडीएस जितक्या पटीने अधिक, साधारण तितक्या पटीने रेझिन लवकर संपते. महापालिकेच्या नळाचे पाणी १०० असेल आणि ग्राहकाच्या बोअरचे ६०० असेल, तर तेच रेझिन सहापट वेगाने संपेल आणि माझा ३,७०० रुपयांचा अंदाज कोलमडेल. पिण्याच्या पाण्यासाठीही भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, यावरून बोअरचे पाणी या कामाला किती महाग पडते हे लक्षात यावे. टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो. तो आजच घ्या आणि पुढच्या पंधरवड्यात प्रत्येक ग्राहकाच्या नळाचे पाणी मोजा. मिनिटाला दोन लिटर धरले तरी चार तासांत ४८० लिटर पाणी लागते. निम्म्याहून अधिक ठिकाणी बोअर किंवा टँकरचे पाणी निघाले, तर घरून नळाचे पाणी भरून नेण्याची टाकी लावावी लागेल किंवा आरओ जोडावा लागेल, आणि आरओ बरेच पाणी वाया घालवतो, हे सोसायटीच्या अध्यक्षांना एप्रिल-मेमध्ये समजावणे सोपे नसते.

पैसे उभे करण्याबाबत. आपली १,८०,००० रुपयांची ठेव म्हणजे बरोबर सहा महिन्यांचा घरखर्च आहे. घरात दुसरी कमाई नसताना ती मोडणे म्हणजे घराचा आधार पोलमध्ये गुंतवणे होय. व्यवसायाच्या खात्यातून ४०,००० रुपये घ्यावेत आणि उरलेल्या ५४,४०० रुपयांसाठी त्याच ठेवीवर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर मिळणारी उचल, घ्यावा. त्यावरील व्याज ठेवीच्या दराहून साधारण एक ते दोन टक्के अधिक असते. ठेवीला सात टक्के मिळत असतील आणि ओव्हरड्राफ्ट आठ टक्क्यांनी मिळाला, तर तेवढ्या रकमेचा निव्वळ भार एक टक्काच राहतो, आणि मुदतपूर्व मोडण्याचा दंडही वाचतो. ऑक्टोबर ते मे या आठ कोरड्या महिन्यांत दरमहा ७,००० रुपये भरले, तर पाऊस येण्याआधी हे कर्ज जवळपास संपते. मी खरेदीचा महिना ऑक्टोबर धरतो तो याच कारणाने. त्या काळात ठेवीचा तेवढा भाग बँकेकडे अडकलेला असेल, हे मात्र घरी सांगून ठेवावे. बँकेने नकार दिला तर मुद्रा योजनेतील किशोर गटातील तारणरहित कर्ज हा दुसरा मार्ग आहे, पण त्याचे व्याज अधिक पडेल. विक्रेत्याची ‘बिनव्याजी’ हप्त्यांची योजना घेण्यापूर्वी रोख किंमत किती कमी होते ते विचारा. तो फरक म्हणजेच व्याज.

पोल निवडताना दोन-तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. क्लॅम्प, पाइप आणि ब्रश यांचे सुटे भाग किती दिवसांत व कोणत्या किमतीत मिळतील, हे बिलावर असावे. परदेशातून येणाऱ्या दीडशे रुपयांच्या क्लॅम्पसाठी महिनाभर काम बंद ठेवलेला एक व्यावसायिक मी पाहिला आहे. काही पोलना खालून जादा भाग जोडून लांबी वाढवता येते. ३० फुटी मॉडेल तसे असेल तर दोन-चार हजार अधिक द्यायला हरकत नाही, मात्र हायब्रिड पोल चाळीस फुटांपुढे फार लवतो. पोल पूर्ण उघडून आपल्या दोन्ही मदतनिसांना दहा-दहा मिनिटे धरायला लावा. संध्याकाळी खांद्याने नकार दिला, तर तो पोल कोपऱ्यात उभा राहील आणि शिडी परत येईल. शिवाय कार्बन विजेचा वाहक आहे आणि हायब्रिडमध्येही कार्बन असतो. जुन्या गावठाण भागात घरांजवळून वीजवाहिन्या जातात, तिथे हा पोल उघडूच नये. शिडीवरची चढउतार कमी होण्याचे मोल मी हिशेबात धरलेले नाही, पण मदतनिसांच्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे आहे. तरीही दोघांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवून घ्यावा. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते.

हिंजवडीचे काम सोडावे असे मी म्हणत नाही. खालचे तीन मजले ३० फुटी पोलने होतात का ते मोजून पाहावे, वरचे मजले दोरीवाल्यांना द्यावेत आणि त्यांचे दर आधी विचारून मगच २४,००० रुपये पुरतात का ते ठरवावे. व्यवस्थापकांकडून किमान एका वर्षाची लेखी वर्क ऑर्डर मागावी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केलेली नसेल तर ती विनाशुल्क होते. ती असल्यास लेखी करार असतानाही बिलाचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणे कायद्याने बंधनकारक ठरते, आणि कार्यालयांची बिले किती रेंगाळतात याची कल्पना आपल्याला असेलच. ती ऑर्डर हातात आली आणि पहिल्या दोन खेपांचे पैसे वेळेवर जमा झाले, तर पुढच्या ऑक्टोबरमध्ये इमारतीच्या मोजलेल्या उंचीसह मला पुन्हा लिहा. तेव्हा मोठ्या पोलचा विचार करू, आणि तो बहुधा ४५ फुटी नसेल.