नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस

अरे, हेरॉइनच्या ओव्हरडोसने मेल्याचा संशय असलेल्या शवविच्छेदनात कालिन्याच्या फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्ट आला की तू थेट रक्तातल्या मॉर्फिनचा आकडा जीवघेण्या पातळीच्या तक्त्याशी लावायला बसतोस. थांब जरा. रक्त कुठून काढलं ते आधी बघ. हृदयातलं असेल तर मृत्यूनंतर आजूबाजूच्या अवयवांतून औषध तिथे झिरपतं, आकडा फुगतो. म्हणून मांडीच्या शिरेतलं घे, रक्त खराब होऊ नये म्हणून सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत, आणि लेबलवर जागा लिही. मी एकदा नुसतं 'रक्त' लिहून पाठवलं होतं. उलटतपासणीत वकिलाने घाम फोडला.

त्याहून मोठी गोष्ट सवयीची. रोज गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढणाऱ्याला जो डोस पचतो, तोच चार महिने तुरुंगात काढून आलेल्याला मारतो. रक्तातला आकडा मात्र दोघांचा सारखा! तेव्हा नातेवाइकांना शांतपणे विचार, पंचनाम्यात गर्द ओढायची काळी पडलेली पन्नी आहे का बघ. दारू, झोपेच्या गोळ्या सोबत होत्या का, तेही.

हेरॉइन रक्तात काही मिनिटंच टिकतं, मग त्याचं ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन आणि पुढे मॉर्फिन होतं. ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन सापडलं तर ते हेरॉइनच. नुसतं मॉर्फिन खोकल्याच्या औषधातल्या कोडीनमधूनही येतं. लघवी आणि डोळ्यातला द्रव पाठवायला विसरू नकोस, तिथे ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन जास्त वेळ सापडतं.