पुडीवरचे दोन आकडे: मापायचा कोणता?

प्रश्न : बाई, माझी बारावी झाली आहे. बाबा कृषी केंद्रातून औषध आणतात आणि पुडी माझ्या हातात देतात, वाचून सांग म्हणतात. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा-तुडतुडे आहेत म्हणून ॲसिटामिप्रिड २० टक्के एस.पी. आणलं. आतल्या कागदावर ‘ए.आय. १० ग्रॅम’ आणि शेजारी ‘फॉर्म्युलेशन ५० ग्रॅम’ असं आहे. बाबांना कोणता आकडा सांगू? ‘वेटिंग पीरियड १५ दिवस’ म्हणजे दुसरा फवारा पंधरा दिवसांनी मारायचा का? आणि काका म्हणतात, निळ्या खुणेवर ‘डेंजर’ असतं, ते ‘पॉयझन’पेक्षा जहाल. खरं का?
— एक वाचक, घाटंजी तालुका

उत्तर : पोरी, आधी आकड्यांचं बघू, कारण तिथं चुकलं तर सरळ पाचपट चुकतं.

ए.आय. म्हणजे ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट, कीड मारणारा मूळ घटक. फॉर्म्युलेशन म्हणजे तो घटक मिसळून विकायला तयार केलेली भुकटी, तुझ्या हातातली. २० टक्के म्हणजे १०० ग्रॅम भुकटीत मूळ घटक २० ग्रॅम. म्हणून १० ग्रॅम मूळ घटक पोचवायला भुकटी ५० ग्रॅम लागते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण तागडीत टाकायचा तो ५० चा.

आता हे आकडे ज्या तक्त्यात आहेत त्याच्या डोक्यावर बघ, ‘पर हेक्टर’ लिहिलेलं असेल. शाळेत शिकवायची तेव्हाही ‘पर’ आला की मी मुलांना थांबवायची. एवढासा शब्द, पण हिशोब सगळा त्याच्यावर. आपण गावात एकराशिवाय बोलत नाही. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणून एकराला भुकटी २० ग्रॅम. पाण्याचा ५०० ते ६०० लिटरचा आकडाही हेक्टरचाच आहे, एकराला २०० ते २४० लिटर. २०० लिटर धरलं तर १५ लिटरच्या पंपाला दीड ग्रॅम येते. दीड ग्रॅम कोणी टोपणानं मापू नये, अंदाजानं तर नाहीच. एका एकराची २० ग्रॅम भुकटी २ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि दर पंपाला त्यातलं १५० मिली टाका. द्रावण त्याच दिवशी संपवा. त्यासाठीची बादली आणि मापटं वेगळंच ठेवा, ते परत घरात येता कामा नये.

हे जमतं ते एस.पी. आहे म्हणून. एस.पी. म्हणजे सोल्युबल पावडर, पाण्यात विरघळून जाणारी. बुरशीनाशकाच्या पुडीवर बरेचदा डब्ल्यू.पी. दिसेल, म्हणजे वेटेबल पावडर. ती भिजते, विरघळत नाही. थोड्या वेळानं तळाशी बसते. तिचं द्रावण प्रत्येक वेळी ढवळूनच घ्यायचं, नाहीतर पहिल्या पंपात नुसतं पाणी आणि शेवटच्यात सगळं औषध.

वेटिंग पीरियडचा दुसऱ्या फवाऱ्याशी संबंध नाही. शेवटचा फवारा आणि वेचणी यांच्यात किमान किती दिवस जाऊ द्यायचे, ते तो सांगतो. दुसरा फवारा मारायचा की नाही हे वावरात फिरून, पानं उलटी करून, कीड बघून ठरवा. मला इथं जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. पऱ्हाटीत आपण बरबटी, भेंडी, अंबाडी लावतो आणि फवारा त्यांच्यावरही पडतो. कागदावरचे १५ दिवस कपाशीचे आहेत, त्या भाजीचे नाहीत. फवाऱ्याआधी भाजी तोडून घ्या. फवारा पडलेली घरात आणू नका, मजूर बायांनाही नेऊ देऊ नका.

काकांचा समज उलटा आहे, आणि तो बऱ्याच जणांचा आहे. पुडीवर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. खालच्या अर्ध्या भागात रंग, वरच्या भागात शब्द. लाल सगळ्यात जहाल, कवटी आणि ‘पॉयझन’. पिवळा त्याच्या खालोखाल, त्यावरही ‘पॉयझन’च. मग निळा, ‘डेंजर’. शेवटी हिरवा, ‘कॉशन’. सिग्नलच्या सवयीनं पिवळा म्हणजे मध्यम, चालून जाईल, असं लोक धरतात. तसं नाही, तो जहालच आहे. आणि हिरवाही पिण्याइतका साधा नाही. तोंडाला फडकं, हातात मोजे त्यालाही लागतातच.

२०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. म्हणून तुला आणखी एक शब्द सांगते, तू विचारला नसलास तरी: ‘अँटिडोट’, म्हणजे विषावरचा उतारा. तो आतल्या घडीच्या कागदावर असतो. त्या कागदावर इंग्रजी-हिंदीबरोबर प्रादेशिक भाषाही छापावी लागते, म्हणून आधी मराठी मजकूर शोध. अक्षर बारीक असतं, बाबांना दिसणार नाही, तू वाचून दाखव. औषध संपेपर्यंत पुडी आणि कागद दोन्ही फेकू नका. फवारताना कोणाला चक्कर आली, मळमळलं, खूप घाम सुटला, डोळ्यांपुढं धूसर झालं, तर काम तिथंच थांबवा, अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना पुडी सोबत न्या. कोणतं औषध होतं हे डॉक्टरांना सांगावं लागतं, आणि घाईत नाव कोणाला आठवत नाही.